‘एन्डिअर’ : अर्थ सोपा, वाक्य अवघड

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लिखाणात मला एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं : ‘शी एन्डिअर्ड एव्हरीवन.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की तिनं सगळ्यांची मनं जिंकली. शब्दकोशात अर्थ बघितलेला असतो, काळ बरोबर असतो, स्पेलिंगही बरोबर असतं. तरी इंग्रजी वाचणारा तिथे अडखळतो. त्याला ते वाक्य साधारण असं ऐकू येतं : ‘तिनं सगळ्यांना लाडकं केलं.’ मग त्याला प्रश्न पडतो, कोणाचं लाडकं?

चूक अर्थाची नाही, जागांची आहे. ‘एन्डिअर’ या क्रियापदाला तीन जागा लागतात आणि कोणत्या जागी कोण बसतं हे ठरलेलं असतं. शब्दकोश आपल्याला ‘मन जिंकणे’ किंवा ‘प्रिय करणे’ एवढं सांगून मोकळा होतो. त्यातलं ‘मन जिंकणे’ अर्थाला अगदी योग्य आहे, पण वाक्य रचायला घेतलं की तेच आपल्याला फसवतं. म्हणून या शब्दाशी पहिल्यांदाच गाठ पडत असेल तर अर्थ पाठ करण्याआधी त्याचा साचा समजून घ्या.

पहिली पायरी : शब्द उघडून बघा

‘एन्डिअर’मध्ये दोन तुकडे आहेत, ‘एन’ आणि ‘डिअर’. ‘डिअर’ म्हणजे प्रिय, हे पत्राच्या मायन्यामुळे सगळ्यांना माहीत असतं. ‘एन’ हा उपसर्ग विशेषणाला लागला की ‘तसं करणे’ असा अर्थ देतो. ‘लार्ज’ म्हणजे मोठा, ‘एन्लार्ज’ म्हणजे मोठा करणे. ‘रिच’ म्हणजे समृद्ध, ‘एन्रिच’ म्हणजे समृद्ध करणे. तसंच ‘एन्डिअर’ म्हणजे प्रिय करणे. गंमत म्हणजे हे दोन तुकडे दोन वेगळ्या घरांतून आलेत. ‘डिअर’ हा जुन्या इंग्रजीतला अस्सल जर्मानिक शब्द, तर ‘एन’ हा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आलेला. इंग्रजीत त्यांची जोडी जमली ती १६व्या शतकात.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. ‘डिअर’चा दुसरा अर्थ महाग असा आहे. ब्रिटिश इंग्रजीत महाग वस्तूला आजही ‘डिअर’ म्हणतात. जर्मनमधला ‘टॉयर’ आणि डचमधला ‘ड्यूर’ हे याच शब्दाचे भाऊबंद, आणि दोन्हींचा रोजचा अर्थ महाग असाच आहे. टंचाईला इंग्रजीत ‘डर्थ’ म्हणतात, तोही ‘डिअर’पासूनच झाला; जिथे वस्तू मिळेनाशी होते तिथे ती महागते. ‘डार्लिंग’ही याच कुळातला. सुरुवातीला ‘एन्डिअर’ हेसुद्धा किंमत वाढवणे, मोल चढवणे या अर्थानं वापरलं गेलं. तो अर्थ पुढे गळून पडला आणि जिव्हाळ्याचा अर्थ उरला. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही बाजारातल्या वस्तूला मोल लावतो आणि जिवाभावाच्या माणसाला ‘लाखमोलाचा’ म्हणतो.

या इतिहासाचा व्यवहारात उपयोग आहे. ‘एन्डिअर’ म्हणजे कोणाच्या तरी नजरेत एखाद्याचं मोल वाढणं, एवढं चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की तीन जागा आपोआप दिसू लागतात. मोल वाढवणारं काहीतरी, ज्याचं मोल वाढलं तो, आणि ज्याच्या नजरेत वाढलं तो.

दुसरी पायरी : ‘आवडू लागणे’चा आधार घ्या

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढी ठेवा.

मराठीत एक साधं वाक्य घ्या : ‘त्याच्या साधेपणामुळे तो मला आवडू लागला.’ यात तीन घटक आहेत. साधेपणा हे कारण, त्याला ‘मुळे’ लागलंय. ‘तो’ म्हणजे आवडलेला माणूस. आणि ‘मला’, म्हणजे ज्याच्या मनात ही आवड निर्माण झाली तो. आता इंग्रजी वाक्य बघा : ‘हिज सिम्प्लिसिटी एन्डिअर्ड हिम टु मी.’ ‘मुळे’वालं कारण इंग्रजीत कर्ता होऊन पुढे आलं. ‘तो’ कर्माच्या जागी गेला. आणि ‘मला’चं ‘टु मी’ झालं.

‘मला’मधला ‘ला’ आणि ‘टु मी’मधला ‘टु’ इथे एकच काम करतात. इंग्रजीत ‘आय लाइक हिम’ म्हणताना ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो, पण मराठीत आपण ‘मी त्याला आवडतो’ असं म्हटलं तर अर्थच उलटतो. आवड ‘मला’ होते. ‘एन्डिअर’ या बाबतीत इंग्रजीच्या नेहमीच्या वळणापेक्षा आपल्या ‘आवडणे’च्या अधिक जवळ आहे. म्हणून मला मनापासून वाटतं की हे क्रियापद मराठी माणसाला सोपं जायला हवं. त्याला फक्त योग्य मराठी वाक्यापासून सुरुवात करायला हवी.

आणखी एक जोडी बघा. ‘तिच्या प्रामाणिकपणामुळे ती वाचकांना आवडू लागली.’ ‘हर ऑनेस्टी एन्डिअर्ड हर टु रीडर्स.’ माणसाच्या जागी वस्तूही चालते : ‘त्या जुन्या घड्याळातल्या खोडीमुळेच ते मला आवडू लागलं.’ ‘इट्स फॉल्ट्स एन्डिअर्ड द ओल्ड क्लॉक टु मी.’ पण ‘टु’नंतर जो येईल त्याला मन असावं लागतं. वाचक, मतदार, प्रेक्षक, सहकारी, शेजारी, मुलं, अख्खा देश, काहीही चालेल. टेबलाला कोणी आवडत नाही, तेव्हा ‘टु द टेबल’ होणार नाही.

पहिल्या वाक्याकडे परत येऊ. ‘शी एन्डिअर्ड एव्हरीवन’मध्ये ‘सगळ्यांना’ हा ‘ला’चा घटक आहे. त्याला ‘टु’ हवा होता आणि कर्माची जागा मोकळी सोडली गेली. म्हणून ते वाक्य लंगडं पडलं.

तिसरी पायरी : माणूस कर्ता झाला की ‘सेल्फ’ येतो

कारण कर्ता असेल तर वरचा साचा पुरेसा आहे. पण आपल्याला पुष्कळदा माणसापासूनच वाक्य सुरू करायचं असतं : ‘नव्या शिक्षकांनी मुलांना लळा लावला.’ इथे मोल वाढवणारा आणि ज्याचं मोल वाढलं तो, दोन्ही एकच माणूस. इंग्रजीत अशा वेळी कर्माची जागा रिकामी राहत नाही, तिथे ‘हिमसेल्फ’, ‘हरसेल्फ’, ‘देमसेल्व्ह्ज’ बसतं : ‘द न्यू टीचर एन्डिअर्ड हिमसेल्फ टु द चिल्ड्रन.’

हा ‘सेल्फ’ गाळणं ही दुसरी नेहमीची चूक. ‘ही एन्डिअर्ड टु द चिल्ड्रन’ असं होत नाही. मराठीत ‘त्यानं स्वतःला मुलांना प्रिय केलं’ असं आपण कधीच बोलत नाही, त्यामुळे ‘स्वतःला’ सुचतच नाही. सुचत नाही हे मान्य करून ते जाणीवपूर्वक लिहायची सवय लावावी लागते.

मग कारण कुठे जातं? ते मागे जातं, ‘बाय’ किंवा ‘विथ’च्या आधारानं. ‘शी एन्डिअर्ड हरसेल्फ टु द स्टाफ बाय लर्निंग एव्हरीवन्ज नेम.’ प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवून तिनं कर्मचाऱ्यांना आपलंसं केलं. कृती असेल तर ‘बाय’ आणि ‘इंग’चं रूप, गुण किंवा वस्तू असेल तर ‘विथ’ : ‘ही एन्डिअर्ड हिमसेल्फ टु द ऑडिअन्स विथ हिज जेंटल ह्यूमर.’ या रचनेत ‘क्विकली’, ‘सून’, ‘इमीजिएटली’ हे शब्द छान बसतात, कारण माणूस किती लवकर आपला वाटू लागला हे सांगायला आपल्याला आवडतं.

चौथी पायरी : वाक्य तपासून बघा

लिहून झालं की ‘एन्डिअर’ काढून त्या जागी ‘मेक’ आणि ‘डिअर टु’ घालून बघा. ‘हर लाफ्टर एन्डिअर्ड हर टु अस’चं होईल ‘हर लाफ्टर मेड हर डिअर टु अस.’ वाक्य उभं राहिलं, म्हणजे मूळचंही बरोबर. आता चुकीचं घ्या : ‘शी एन्डिअर्ड विथ एव्हरीवन’. त्याचं ‘शी मेड डिअर विथ एव्हरीवन’ होतं आणि ते लगेच कोसळतं. ‘विथ’, ‘टुवर्ड्ज’, ‘फॉर’ यांपैकी काहीही ज्याला आवडतं त्या माणसाआधी येत नाही. तिथे ‘टु’च येतो.

या कसोटीनं आणखी एक गैरसमज दूर होतो. ‘आय एन्डिअर यू’ म्हणजे ‘मला तू आवडतेस’ असं काहींना वाटतं. ‘आय मेक यू डिअर’ असं करून बघा. कोणाला, हे उरतंच. स्वतःचं प्रेम व्यक्त करायला हे क्रियापद नाहीच. एखाद्या माणसाविषयी दुसऱ्याच्या मनात जिव्हाळा कसा निर्माण झाला, हे सांगायला ते आहे.

पाचवी पायरी : नकारार्थी वाक्य ओळखा

वर्तमानपत्रं आणि बातम्या वाचताना तुम्हाला ‘एन्डिअर’ नकारार्थी वाक्यात पुष्कळदा दिसेल, आणि तिथे त्याचा खरा रंग कळतो. ‘हिज रिमार्क्स डिड नॉट एन्डिअर हिम टु व्होटर्स.’ शब्दशः अर्थ एवढाच की त्याच्या बोलण्यामुळे तो मतदारांना आवडू लागला नाही. पण सांगायचं असतं ते यापेक्षा बरंच जास्त : मतदार चिडले. इंग्रजी बोलणारा अशा ठिकाणी मुद्दाम कमी बोलतो. ‘डिड नॉट एक्झॅक्टली एन्डिअर’, ‘हार्डली एन्डिअर्ड’ ही त्याचीच रूपं.

आपल्याकडे ‘त्याचं बोलणं काही लोकांच्या पचनी पडलं नाही’ किंवा ‘कोणाला फारसं रुचलं नाही’ असं म्हणतात. शब्द सौम्य असतात, पण ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. भाषांतर करताना ‘प्रिय झाला नाही’ असं लिहिलंत तर वाक्याचा जीवच जाईल. ‘रुचलं नाही’, ‘मनातून उतरला’, ‘नाराजी ओढवून घेतली’ यांतलं प्रसंगाला शोभेल ते घ्या. मला विचाराल तर ही रचना येऊ लागली की ‘एन्डिअर’ खऱ्या अर्थानं तुमच्या हातात आलं. तक्रारीच्या पत्रात किंवा परीक्षणात आवाज न चढवता नाराजी नोंदवायला ती फार उपयोगी पडते.

सहावी पायरी : शेजारच्या शब्दांपासून वेगळं काढा

मन जिंकण्याविषयी इंग्रजीत बरीच क्रियापदं आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच ‘शी एन्डिअर्ड एव्हरीवन’सारखी वाक्यं जन्माला येतात. ‘चार्म’ म्हणजे भुरळ घालणे, ‘विन ओव्हर’ म्हणजे आपल्या बाजूला वळवणे, ‘वू’ म्हणजे प्रेम मिळवण्यासाठी मनधरणी करणे. या तिघांच्याही कर्माच्या जागी ज्याचं मन जिंकायचं तो माणूस येतो : ‘शी चार्म्ड एव्हरीवन’, ‘शी वन एव्हरीवन ओव्हर’. दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत. ‘एन्डिअर’मध्ये ही दिशा उलटते. तिथे कर्म म्हणजे ज्याच्यावर जीव जडला तो. ‘मन जिंकणे’ हे मराठी रूप ‘विन ओव्हर’च्या बाजूचं आहे, म्हणून त्याच्या आधारानं ‘एन्डिअर’ वापरायला गेलो की फसतो.

दिशेखेरीज अर्थाचाही फरक आहे. ‘वू’मध्ये प्रयत्न दिसतो, यश मिळालं की नाही ते कळत नाही. पक्ष मतदारांना ‘वू’ करतात, कंपन्या ग्राहकांना ‘वू’ करतात, आणि तरीही मतदार वा ग्राहक पाठ फिरवू शकतात. ‘एन्डिअर’मध्ये परिणाम दिसतो. ‘शी एन्डिअर्ड हरसेल्फ’ म्हटलं की ती आवडू लागली हे पक्कं. प्रयत्नच सांगायचा असेल तर ‘ट्राइड टु एन्डिअर हरसेल्फ’ असं वेगळं सांगावं लागतं.

‘इन्ग्रेशिएट’पासून मात्र सावध राहा. त्यालाही ‘हिमसेल्फ’ लागतो, त्यामुळे दोन्ही जुळी वाटतात. पण त्याच्यामागे ‘विथ’ येतो आणि अर्थ आहे मर्जी संपादन करणे, तीही पुढेपुढे करून, लाडीगोडी लावून. ‘ही इन्ग्रेशिएटेड हिमसेल्फ विथ द मॅनेजर’ हे कौतुक नाही, त्यात गोंडा घोळणं आहे. एखाद्याच्या शिफारसपत्रात ‘एन्डिअर’च्या जागी हा शब्द पडला, तर त्या माणसाचं नुकसान होईल.

आणि ‘एन्ड्युअर’. अर्थाचा काही संबंध नाही, पण कानाला आणि डोळ्यांना जवळचा. त्याचा अर्थ सहन करणे किंवा टिकून राहणे. ‘शी एन्ड्युअर्ड हर न्यू कलीग्ज’ म्हणजे तिनं नव्या सहकाऱ्यांना कसंबसं सोसलं! म्हणायचं होतं त्याच्या अगदी विरुद्ध.

सातवी पायरी : उच्चार आणि स्पेलिंग

हे पटकन उरकू. जोर दुसऱ्या भागावर, ‘डिअर’वर. पहिला स्वर आखूड, ‘इ’ आणि ‘ए’च्या मधला. ब्रिटिश उच्चारात शेवटचा ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात स्पष्ट येतो. ‘एन्डिअरिंग’मध्ये मात्र पुढे स्वर असल्यामुळे दोघेही ‘र’ उच्चारतात. स्पेलिंग ई, एन, डी, ई, ए, आर. भूतकाळात ‘ईडी’ जोडताना ‘आर’ दुप्पट होत नाही. ‘प्रिफर्ड’मध्ये होतो, म्हणून इथेही दोन ‘आर’ लिहिण्याचा मोह होतो.

आठवी पायरी : घरातली बाकीची माणसं

क्रियापदापेक्षा त्याचं विशेषण ‘एन्डिअरिंग’ तुमच्या तोंडी लवकर रुळेल. ‘अॅन एन्डिअरिंग स्माइल’, ‘अॅन एन्डिअरिंग हॅबिट’. याला मराठीत ‘लोभस’ आणि ‘लाघवी’ हे दोन सुंदर शब्द आहेत. चेहरा, हसू, बोबडे बोल लोभस. स्वभाव आणि बोलणं लाघवी. पण ‘एन्डिअरिंग’मध्ये एक बारीक छटा आहे. त्यात पुष्कळदा थोडंसं उणेपण असतं : जरासा धांदरटपणा, बोलताना अडखळणं, एखादी खोड. परिपूर्ण माणसाचं आपण कौतुक करतो. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा ‘एन्डिअरिंग’ वाटतो. या छटेमुळे ज्येष्ठांना किंवा वरिष्ठांना तोंडावर हे विशेषण लावताना जपावं. त्यांना लहान मुलासारखं लेखल्याचा वास येऊ शकतो.

‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’सारखी ‘एन्डिअर्ड’ आणि ‘एन्डिअरिंग’ अशी जोडी असेल असं वाटून कोणी ‘आय अॅम एन्डिअर्ड टु हिम’ लिहितं. म्हणायचं असतं, मला तो आवडतो. रचनेप्रमाणे अर्थ निघतो, मी त्याला आवडतो. ऐकणाऱ्याचा गोंधळ नको असेल तर ‘आय फाउंड हिम एन्डिअरिंग’ म्हणा, किंवा सरळ ‘आय ग्रू फॉन्ड ऑफ हिम’.

नाम आहे ‘एन्डिअरमेन्ट’, म्हणजे प्रेमाचा शब्द. ‘टर्म ऑफ एन्डिअरमेन्ट’ म्हणजे लाडाची हाक. ‘डार्लिंग’, ‘हनी’, ‘स्वीटहार्ट’ या इंग्रजीतल्या, तर ‘सोन्या’, ‘राजा’, ‘पिल्लू’, ‘छकुली’ या आपल्या. बाळाला ‘राजा’ म्हणताना कोणाला सिंहासन आठवत नाही, तसं ‘हनी’ म्हणताना मध आठवत नाही. त्यामुळे अशा हाकांचं शब्दशः भाषांतर कधीच करू नका, त्या नात्यात मराठी माणूस काय हाक मारेल ते लिहा.

नववी पायरी : कुठे वापरायचं

‘एन्डिअर’ हे लिखाणातलं, किंचित भारदस्त क्रियापद आहे. व्यक्तिचित्र, मृत्युलेख, पुस्तकाचं किंवा नाटकाचं परीक्षण, निरोपाचं भाषण, शिफारसपत्र इथे ते शोभतं. मित्रांशी बोलताना इंग्रजी बोलणारेही ‘एव्हरीवन लव्ह्ड हर’ किंवा ‘शी वन देम ओव्हर’ असंच म्हणतात. ‘एन्डिअरिंग’ मात्र बोलण्यातही सहज चालतं. चालू काळात ‘ही इज एन्डिअरिंग’ ऐकलं की लोक ते विशेषणच समजतात, म्हणून क्रियापद म्हणून वापरताना साधा वर्तमान किंवा साधा भूतकाळ बरा.

आता हात चालवा. मराठी वाक्य आधी ‘मुळे’ आणि ‘ला’च्या रूपात बसवा, मग इंग्रजीत न्या.

‘तिचा स्पष्टवक्तेपणा विद्यार्थ्यांना भावला.’ आधी मनात : तिच्या स्पष्टवक्तेपणामुळे ती विद्यार्थ्यांना आवडू लागली. मग : ‘हर फ्रँकनेस एन्डिअर्ड हर टु हर स्टुडन्ट्स.’

‘नव्या डॉक्टरांनी प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत थोड्याच दिवसांत रुग्णांची मनं जिंकली.’ इथे माणूस कर्ता, म्हणून ‘सेल्फ’ आणि ‘बाय’ : ‘द न्यू डॉक्टर सून एन्डिअर्ड हिमसेल्फ टु हिज पेशन्ट्स बाय लिसनिंग टु देम पेशन्टली.’

‘रोज उशिरा येण्याची त्याची सवय सहकाऱ्यांना काही रुचली नाही.’ यात ‘आवडू लागणे’ कुठे दिसत नाही, तरी साचा तोच : ‘हिज कॉन्स्टन्ट लेटनेस डिड नॉट एन्डिअर हिम टु हिज कलीग्ज.’

चौथं तुमच्यासाठी सोडतो : ‘त्या लेखिकेच्या गोष्टींतली माणसं चुकतात, म्हणूनच ती आपल्याला जवळची वाटतात.’ कारण शोधा, आवडलेलं कोण ते शोधा, आणि ‘आपल्याला’चं काय होईल ते तुम्हाला आता माहीत आहे.